पडून राहण्याची विद्या

दमणे, भागणे, थकणे, शिणणे, गळून जाणे, मरगळ येणे, अंग मोडून येणे. मराठीत थकव्याला इतके शब्द आहेत आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी आहे. जिना चढून आलेला माणूस दमतो. तो घोटभर पाणी पितो, दोन मिनिटे टेकतो आणि कामाला लागतो. दिवसभर शेतात वाकलेली बाई थकते. रात्रीची झोप तिला पुन्हा उभी करते. शीण मात्र झोपेने जात नाही. सकाळी उठल्यावर तो आपल्या आधी उठून उशाशी बसलेला असतो. आमच्या घरात दखनी बोलतात. माझी आई दिवेलागणीला भिंतीला पाठ लावून बसायची आणि म्हणायची, 'बदन टूटरा रे.' ताप नसायचा, दुखणे नसायचे. तिला काय होत होते हे त्या वेळी घरात कुणाला कळले नाही. तिनेही कधी सांगितले नाही, कारण बाईने थकणे हे आजारात धरलेच जात नव्हते.

मला आज बोलायचे आहे ते या शिणाबद्दल, आणि त्यावर योगोपचाराचा कितपत उपयोग होतो याबद्दल. मी डॉक्टर नाही, योगशिक्षकही नाही. बी. ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा आणि पोटासाठी सोलापुरातल्या एका पतसंस्थेत वसुलीचे काम करणारा माणूस आहे. वसुली म्हणजे काय ते ज्याने कर्ज काढले आहे त्याला सांगायला नको. मार्च महिना आला की दिवसाला चाळीस-पन्नास फोन करायचे, यंत्रमागावर काम करणाऱ्याच्या दारात उभे राहायचे, त्याचे ऐकून घ्यायचे आणि वरच्या साहेबाचेही ऐकून घ्यायचे. त्यात २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत माझा थोरला भाऊ गेला. मलाही तोच आजार झाला होता. मी उठलो, पण पुरता उठलो नाही. ऑफिसचा एक मजला चढताना मध्ये थांबावे लागे. आठ महिने एक कविता पुरी झाली नाही. दोन ओळी झाल्या की डोके रिकामे व्हायचे.

पहिली गोष्ट आधी सांगतो. थकवा घेऊन कुणी योगवर्गाला जाऊ नये, आधी डॉक्टरकडे जावे. हिमोग्लोबिन कमी असेल, थायरॉइड मंदावली असेल, साखर वाढली असेल, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे काही असेल, नैराश्याचा आजार असेल, तर त्याचे पहिले लक्षण पुष्कळदा थकवा हेच असते. माझ्या तपासणीत बी-१२ कमी निघाले. मी मटण खाणारा माणूस, मला नवल वाटले. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षे पित्ताच्या गोळ्या घेतल्या की पोटातून बी-१२ नीट शोषले जात नाही. इंजेक्शने झाली, पायातल्या मुंग्या गेल्या, शीण निम्मा गेला. उरलेल्या निम्म्याला औषध नव्हते. 'ताण कमी करा,' असे डॉक्टर म्हणाले. ताण कमी करा म्हणजे नोकरी सोडा की भाऊ परत आणा, हे काही त्यांनी सांगितले नाही.

ताणाने माणूस का थकतो? समोर साप आला तर शरीर आपली परवानगी न घेता तयारीला लागते. हृदय जोरात धावते, रक्त हातापायांकडे वळते, पचन थांबते, स्नायू आवळतात, श्वास छातीच्या वरच्या भागात उथळ चालू लागतो. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याला 'लढा किंवा पळा' अशी स्थिती म्हटले. हे काम करणाऱ्या मज्जासंस्थेला अनुकंपी म्हणतात. साप निघून गेला की तिच्या उलट काम करणारी परानुकंपी संस्था शरीराला पूर्वपदावर आणते. पुढे हान्स सेल्ये यांनी १९३६ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवले की छळ कोणत्याही प्रकारचा असो, शरीराचा प्रतिसाद ठरावीक टप्प्यांनी जातो: आधी धोक्याचा गजर, मग तग धरणे आणि छळ थांबलाच नाही तर शेवटी गळून जाणे.

आपली अडचण अशी की आपला साप जात नाही. तो हप्त्याच्या रूपाने महिन्याच्या महिन्याला येतो, फोनच्या घंटीतून येतो, रात्री दोन वाजता नुसत्या विचारातून येतो. पळायची तयारी होते आणि आपण खुर्चीवर बसून राहतो. जबडा आवळलेला, खांदे कानांकडे चढलेले, पोट आत ओढलेले. मुठी मिटून दिवसभर बसलेला माणूस संध्याकाळी 'मी काहीच केले नाही, तरी इतका का थकलो' असे विचारतो. त्याचे स्नायू सकाळपासून राबत होते, एवढेच त्याला माहीत नसते.

आता या कारभारात आपल्याला हात घालता येईल अशी जागा कुठे आहे? हृदयाला 'हळू चाल' म्हणून ते ऐकत नाही. जठराला हुकूम देता येत नाही. एक श्वास मात्र असा आहे की तो आपला आपण चालतो आणि आपण सांगितले तर ऐकतोही. सगळा योगोपचार या एका फटीतून आत शिरतो, असे माझे मत झाले आहे. हे तुम्ही आत्ता करून पाहू शकता. डाव्या मनगटाची नाडी उजव्या हाताच्या बोटांनी धरा. सावकाश श्वास आत घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. आत घेताना नाडी किंचित जलद होते आणि सोडताना मंदावते. तरुणांत हा फरक चांगला कळतो, वय वाढते तसा कमी होतो. माझ्या वयाला जरा चिकाटीने शोधावा लागतो. श्वास बाहेर जात असताना परानुकंपी संस्थेचा जोर वाढतो, म्हणून असे होते. लांब उच्छ्वासाने माणूस शांत होतो यात गूढ काही नाही. सुस्कारा टाकणाऱ्या आपल्या आज्यांना ते ठाऊक होते.

इटलीतल्या पाव्हिया येथील संशोधकांनी २००१ साली एक गमतीदार अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी २३ निरोगी माणसांना दोन गोष्टी म्हणायला लावल्या: ख्रिस्ती जपमाळेतली लॅटिन प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे' हा मंत्र. दोन्हींत श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर आली. एरवी स्वस्थ बसलेला मोठा माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. या सहाच्या लयीत हृदयाची आणि रक्तदाबाची चढउतार एकमेकांशी जुळून चालते आणि रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा अधिक तत्पर होते, असे त्यांना आढळले. हे वाचले तेव्हा मला माझ्या वडिलांची तसबीह आठवली. दुकान बंद केल्यावर ते ओट्यावर बसून मणी ओढायचे आणि तेवढा वेळ त्यांच्याशी कुणी बोलायचे नाही. जात्यावरची ओवीही अशीच श्वासाच्या मापाने बेतलेली असते. कवीला ही गोष्ट आधी कळायला हवी. ओळ तिथेच मोडावी लागते जिथे दम संपतो.

शवासनाचा उल्लेख पंधराव्या शतकातल्या स्वात्मारामाच्या 'हठप्रदीपिके'त आहे. पाठीवर प्रेतासारखे पडावे, त्याने थकवा जातो आणि चित्ताला विसावा मिळतो, एवढेच तिथे म्हटले आहे. मोरासारखे हातावर तोलणे, धनुष्यासारखे वाकणे असल्या अवघड गोष्टी सांगणाऱ्या ग्रंथात हे पडून राहणेही आसन म्हणून गणले आहे, याचे मला फार अप्रूप वाटते. आपल्याकडे या विद्येला प्रयोगशाळेत नेण्याची परंपराही जुनी आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढून क्ष-किरण आणि दाबमापकांच्या साहाय्याने केलेले प्रयोग छापायला सुरुवात केली. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवले आणि १९६९ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. रुग्णांनी रोज अर्धा तास पडायचे, पोटाने संथ श्वास घ्यायचा आणि लक्ष नाकपुड्यांवर ठेवायचे: आत जाणारी हवा गार लागते, बाहेर येणारी उबदार लागते. पुष्कळांचा रक्तदाब उतरला, काहींची औषधे कमी करता आली. आजच्या कसोटीवर हा अभ्यास लहान आहे आणि तुलनेसाठी दुसरा गट त्यात नव्हता. पण पुढे लंडनमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी शवासनाला यंत्राची जोड देऊन तसेच काम केले. त्यांचे निष्कर्ष १९७३ आणि १९७५ साली 'लॅन्सेट'मध्ये आले, आणि दुसऱ्या वेळी तुलनेचा गटही होता. म्हणून कुणी रक्तदाबाची गोळी मनाने बंद करू नये. दातेंच्या रुग्णांच्या गोळ्या कमी झाल्या त्या डॉक्टरांच्या नजरेखाली.

नुसते पडणे आणि शवासन यांत फरक काय, असे तुम्ही विचाराल. मीही विचारले होते. पलंगावर पडून आपण छताकडे बघत उद्याचे हिशेब करतो. अंग आडवे होते, पण लढाई चालूच असते. शवासनात लक्षाला काम दिलेले असते. पायाचा अंगठा, टाच, पोटरी, मांडी असे एकेका ठिकाणी जायचे आणि तिथली पकड सोडायची. सोडायची म्हणजे काय हे आधी कळत नाही, कारण धरले आहे हेच माहीत नसते. माझी जीभ टाळूला घट्ट चिकटलेली असते, हे मला पन्नाशी उलटल्यावर समजले.

तिथवर पोचण्याआधी मी एका योगवर्गाला गेलो होतो. पहाटे मैदानावर दीडशे माणसे आणि ध्वनिक्षेपक. शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी शंभर वेळा कपालभाती करायला लावली. कुणाला कोणता आजार आहे, कुणी विचारले नाही. साठाव्या झटक्याला मला अंधारी आली आणि शेजारच्या गृहस्थांनी धरले म्हणून पडलो नाही. कपालभाती वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. पण उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, अपस्मार, गरोदरपण यांत ती करू नये. काचबिंदू असेल तर शीर्षासनासारखी डोके खाली करणारी आसने टाळावीत, कारण डोळ्यातला दाब वाढतो. आणि थकलेल्या माणसाला तर जोराची गोष्ट आधी देऊच नये. सरसकट दीडशे जणांना एकच कवायत देणे हा योग असेल, योगोपचार नव्हे. उपचार म्हटला की समोरचा माणूस कोण हे आधी बघावे लागते. २०१५ पासून दर २१ जूनला योगदिनाचे मोठमोठे फोटो छापून येतात. योगोपचाराचा फोटो निघत नाही. पडलेल्या माणसाचा काय फोटो काढणार?

मला मग एका निवृत्त शिक्षिका मिळाल्या. त्यांनी पुण्यात रीतसर शिक्षण घेतले होते. त्यांनी माझे सगळे कागद वाचले, दोन जिने चढायला लावून नाडी पाहिली आणि म्हणाल्या, 'कवी, पंधरा दिवस तुम्ही काही करायचं नाही. फक्त पडायचं.' गादीवर लोड ठेवून पाठ त्यावर टेकवायची, डोक्याखाली घडीचे पांघरूण, गुडघ्यांखाली उशी. छाती आपोआप उघडते, जोर काहीच लावावा लागत नाही. दुसरे म्हणजे पाय भिंतीला उभे लावून पडणे. ही आधाराची पद्धत पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी वाढवली. त्यांचे स्वतःचे बालपण मलेरिया, विषमज्वर आणि क्षयाने पोखरलेले होते. आजारी शरीर काय असते हे त्यांना पुस्तकात वाचावे लागले नाही. खुर्ची, दोर, पट्टे, लाकडी विटा, लोड असल्या घरगुती वस्तू त्यांनी आसनांना जोडल्या. कॅलिफोर्नियात स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या, पण थकवा न गेलेल्या ३१ स्त्रियांवर एक चाचणी झाली. निम्म्या जणींना बारा आठवडे हीच अय्यंगार पद्धत शिकवली, बाकीच्यांना आरोग्यावरची व्याख्याने दिली. २०१२ साली निष्कर्ष आले: योग करणाऱ्यांचा थकवा व्याख्याने ऐकणाऱ्यांपेक्षा स्पष्ट कमी झाला आणि तीन महिन्यांनंतरही तो फरक टिकून होता. संख्या लहान आहे, पण आमच्या घरातला लोड-तक्क्या तिथवर पोचला याचा आनंद आहे.

एक इशारा इथेच देतो. काही जणांना असा थकव्याचा आजार असतो की थोडे जास्त श्रम झाले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते अंथरुणाला खिळतात. करोनानंतर असे रुग्ण पुष्कळ दिसले. त्यांना 'रोज थोडे थोडे वाढवा' हा सल्ला बाधतो. ब्रिटनच्या आरोग्ययंत्रणेने २०२१ साली तो अधिकृतपणे मागे घेतला. जपानमध्ये अशाच ३० रुग्णांच्या एका अभ्यासात निम्म्यांना बसल्या जागी करायचा हलका योग दिला, तेव्हा थकवा उतरला. हा अभ्यास २०१४ सालचा. तुम्ही करत आहात त्याने दुसऱ्या दिवशी शीण वाढत असेल, तर ते कमी करा. चिकाटी दाखवायची ही जागा नव्हे.

माझ्या मोहल्ल्यात दोघातिघांनी विचारले, 'आप भी योगा?' प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तर दिले. मी मंत्र म्हणत नाही, श्वास मोजतो. बाईंनी त्याला कधी हरकत घेतली नाही. नमाजात आपण जसे बसतो ती बैठक वज्रासनाच्या जवळची आहे, म्हणून माझे गुडघे वर्गातल्या इतरांपेक्षा बरे निघाले. पण नमाज ही नमाज आहे. तिला व्यायाम म्हणू नये आणि योगाला इबादत समजून घाबरू नये. अल्बेरुनीने अकराव्या शतकात पतंजलीचा योग अरबीत नेला. ग्वाल्हेरचे सूफी शेख मुहम्मद गौस यांनी सोळाव्या शतकात 'बहर-उल-हयात' हा फारसी ग्रंथ योगावरच लिहिला. शाहजादा सलीमसाठी आसनांच्या चित्रांसह तयार केलेली त्याची प्रत आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. आणि आपल्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. ते आसनांचे पुस्तक नाही, त्यातली लढाई वेगळी आहे. पण 'योग' हा शब्द त्यांना परका वाटला नव्हता.

खरा प्रश्न मला वेगळ्याच ठिकाणी विचारला गेला. वसुलीसाठी मी एका विडी वळणाऱ्या बाईंकडे जातो. हप्ता थकला होता, बाई त्याहून थकल्या होत्या. दिवसभर मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून विड्या वळायच्या. मी पैशाचे बोलणे संपल्यावर त्यांना पडून राहण्याबद्दल सांगितले. त्या हसल्या. म्हणाल्या, 'भाई, दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही सहा माणसं. पडू कुठं? आणि लांब श्वास घेतला तर तंबाखूच आत जाते.' यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते बाईंना विचारले. त्यांनी दोन गोष्टी सुचवल्या. सूप बाजूला ठेवून, तोंड धुऊन दाराबाहेर बसायचे. पाठ भिंतीला टेकलेली, हात मांडीवर उताणे. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. अशी पाच मिनिटे, दिवसातून दोनदा. आणि तासाने एकदा खांदे कानांपर्यंत वर न्यायचे आणि एकदम सोडून द्यायचे. पुढच्या महिन्यात गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, मानेचे दुखणे जरा हलके आहे, संध्याकाळी पोरांवर ओरडणे कमी झाले आहे. हप्ता त्यांनी अर्धाच दिला. मजुरी वाढली नव्हती, तंबाखूची धूळ तशीच होती. श्वासाचा हिशेब श्वासापुरता. मजुरीचा हिशेब संस्थेच्या, कारखानदाराच्या आणि सरकारच्या वहीत मांडायला हवा, आणि तो न मांडता कष्टकऱ्यांना कुणी नुसता प्राणायाम शिकवायला निघाला तर त्याला मी दारातूनच परत पाठवीन.

ज्यांना जागा आहे त्यांच्यासाठी रीत सांगतो. जेवणानंतर दोन-तीन तास गेलेले असावेत. जमिनीवर सतरंजी, थंडी असेल तर अंगावर चादर. आमच्या सोलापुरात तिचा तोटा नाही. पाय थोडे फाकलेले, हात अंगापासून वीतभर दूर, तळवे वर. कंबर दुखत असेल तर गुडघ्यांखाली उशी. दम लागत असेल, पोटातले आंबट वर येत असेल किंवा गरोदरपणाचे शेवटचे महिने असतील, तर उताणे न पडता डाव्या कुशीवर पडावे. पहिली काही मिनिटे श्वास नुसता बघायचा, बदलायचा नाही. मग उच्छ्वास किंचित लांबवायचा. श्वास कोंडून धरायचा नाही. विचार येतील, दारावर आलेल्या ओळखीच्या माणसाला 'नंतर या' म्हणतो तसे म्हणायचे. झोप लागली तर लागू द्या, त्या माणसाला झोपेचीच गरज होती. पंधरा-वीस मिनिटे पुरतात. फार दुःखात असलेल्या एखाद्याला डोळे मिटून पडल्यावर आणखी भीती वाटते. मला पहिल्या आठवड्यात भावाचा चेहरा दिसायचा. तेव्हा डोळे उघडे ठेवून बसावे, आणि तरीही त्रास होत असेल तर मनाच्या डॉक्टरांना भेटावे.

उठताना घाई करू नये. आधी बोटे हलवायची, मग गुडघे दुमडून उजव्या कुशीवर वळायचे, तिथे चार-पाच श्वास थांबायचे आणि हाताचा रेटा देत सावकाश बसायचे. डोके शेवटी वर येऊ द्यावे. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी बसल्यावर आणखी मिनिटभर बसून राहावे, आणि मगच पाणी प्यायला उठावे.